पापणी सुजते, तळहात का नाही? सैल संयोजी ऊतकाबद्दल सविस्तर

प्रश्न इंदूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिने लिहिलं आहे: "वहीत 'लूज कनेक्टिव्ह टिश्यू म्हणजे अवयवांमधला भराव' एवढंच उतरवलंय. तोंडी परीक्षेत विचारलं, की मग पापणी लगेच सुजते आणि तळहात का सुजत नाही? उत्तर देता आलं नाही. हे ऊतक नेमकं काय करतं आणि वॉर्डात त्याचा संबंध कुठे येतो?"

परीक्षकांनी विचारलेला प्रश्न मोक्याचा आहे. त्याचं उत्तर 'भराव' या शब्दातून निघत नाही, म्हणून तो शब्द आधी वहीतून खोडा. भराव म्हणजे पोकळी बुजवायला टाकलेला माल. सैल संयोजी ऊतकाची गोष्ट वेगळी आहे. केशवाहिनी आणि पेशी यांच्या मधल्या जागेत बहुतेक ठिकाणी हेच ऊतक असतं. प्राणवायू, साखर, औषध, सगळं रक्तातून निघून पेशीपर्यंत जातं ते याच्यातून, आणि पेशींचा कचरा परत येतो तोही याच्यातूनच. शिवाय कातडी स्नायूवरून सरकते, धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते, हे सगळं जमतं कारण मधला थर सैल आहे. त्याचं काम सैलपणावर चालतं, आणि वॉर्डात दिसणारे त्याचे त्रासही त्याच सैलपणातून उगवतात. एवढा धागा धरला की पाठांतर निम्मं कमी होतं.

नावांचा घोळ आधी मिटवू. मराठी शालेय पुस्तकांत 'विरल ऊती' म्हणतात, आपल्याकडच्या हिंदी पुस्तकांत 'एरिओलर ऊतक' असतं आणि शल्यविशारद नुसतं 'एरिओलर' म्हणतात. काटेकोरपणे सांगायचं तर सैल गटात एरिओलर, चरबीचं आणि जाळीदार असे तीन प्रकार येतात. पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः पहिल्याबद्दल आहे.

पुस्तक उघडण्याआधी एक गोष्ट करून बघा. कातडीसकट कोंबडीची तंगडी आणा. कातडीची कड चिमटीत धरून हळूच ओढली की कातडी आणि मांसाच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा, ओलसर, चकाकणारा पापुद्रा ताणला जातो आणि त्यात बारीक बुडबुडे दिसतात. तेच हे ऊतक. आता इन्सुलिनच्या सिरिंजने त्या पापुद्र्यात अर्धा मिली सलाईन सोडा. आधी फुगा येतो आणि थोड्या वेळाने तो पसरून सपाट होतो. तेच पाणी तंगडीच्या टोकाशी, हाडाला घट्ट चिकटलेल्या पांढऱ्या स्नायुरज्जूत सोडायचा प्रयत्न करा, दट्ट्या पुढेच सरकणार नाही. सैल आणि घट्ट संयोजी ऊतकातला फरक हातालाच कळतो.

रचना तीन भागांची आहे: पेशी, तंतू आणि आधारद्रव्य. विद्यार्थी पेशींची यादी घोकतात, तंतूंची नावं सांगतात आणि आधारद्रव्यावर अर्धी ओळ लिहून सोडून देतात. खरी गंमत तिथेच आहे. हे द्रव्य म्हणजे पाणी धरून ठेवणारी पातळ खळ. त्यातला मुख्य रेणू हायलुरोनन. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गायीच्या डोळ्यातून तो पहिल्यांदा वेगळा केला. सत्तर किलोच्या माणसात तो साधारण १५ ग्रॅम असतो, आणि त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून नव्याने तयार होतो. लांबच लांब, गुंतलेल्या या रेणूंच्या जंजाळात पाणी अडकून राहतं. पाणी आहे पण वाहत नाही. निरोगी माणसाच्या पेशींमधल्या जागेत दहा-बारा लिटर द्रव असतो, पण मोकळा वाहणारा द्रव त्यातला एक टक्काही नसतो. म्हणून आपण उभे राहिलो की अंगातलं सगळं पाणी पायांत उतरत नाही. लहान रेणू या खळीतून सहज झिरपतात, जिवाणूंसारख्या मोठ्या वस्तू अडतात.

तंतूंबद्दल फार लिहित नाही. कोलॅजेनचे जाडसर, लाटांसारखे गुच्छ ताण सोसतात. इलॅस्टिनचे बारीक, फाटे फुटलेले तंतू ताणून सोडल्यावर पूर्ववत होतात. घट्ट ऊतकात हेच कोलॅजेन खच्चून भरलेलं असतं. इथे ते विरळ आणि सगळ्या दिशांनी असतं, म्हणून ऊतक कुठल्याही बाजूला थोडं ओढता येतं.

पेशींत कायम मुक्कामाच्या तीन: तंतू आणि आधारद्रव्य विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट, कचरा आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज, आणि मास्ट पेशी. पॉल एर्लिख यांनी १८७८ च्या आपल्या प्रबंधात मास्ट पेशींना नाव दिलं. कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या म्हणून 'खाऊन पुष्ट झालेल्या' अशा अर्थाचा जर्मन शब्द त्यांनी वापरला. लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल या गरजेप्रमाणे रक्तातून उतरतात. आतड्याच्या, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराखाली लगेच हे ऊतक असतं. बाहेरून आत आलेल्या जंतूची गाठ पहिल्यांदा इथल्या पेशींशी पडते, म्हणून तिथे पाहुण्या पेशींची गर्दी जास्त.

काचपट्टीवर हे ऊतक ओळखताना एक फसगत हमखास होते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या पट्टीत गुलाबी रेघा, जांभळी केंद्रकं आणि मध्ये पांढऱ्या फटी दिसतात. विद्यार्थी लिहितात, 'रिकाम्या जागा'. त्या जिवंतपणी रिकाम्या नव्हत्या. पट्टी तयार करताना अल्कोहोलने पाणी काढलं जातं, झायलीनने चरबी विरघळते, आधारद्रव्यही बरंचसं धुऊन जातं आणि उरतो तो सांगाडा. २०१८ मध्ये बेनियास आणि थीस या संशोधकांच्या गटाने जिवंत ऊतक कॉन्फोकल एंडोस्कोपीने पाहिलं तेव्हा पट्टीवर घट्ट भासणाऱ्या थरांतही द्रवाने भरलेल्या, तंतूंच्या जाळीवर तोललेल्या जागा दिसल्या. 'नवा अवयव सापडला' अशा बातम्या तेव्हा झळकल्या. माझ्या मते अवयव म्हणणं ही अतिशयोक्ती होती, पण पट्टी बनवताना या जागा मिटून जातात हे त्यांचं म्हणणं लाखमोलाचं आहे. पट्टीत मास्ट पेशी हव्या असतील तर आंत्रबंधाचा (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याचा) पातळ तुकडा काचेवर ताणून टोल्युइडिन ब्लूने रंगवतात. रंग निळा असूनही कण जांभळट-लाल दिसतात. तुकडा दुमडला तर सगळा निळा गोळा दिसतो, आणि अल्कोहोलमध्ये जास्त वेळ ठेवला तर तो जांभळेपणा उडून जातो. तोंडी परीक्षेत 'कण दिसत नाहीत, का?' असं विचारलं तर ही दोन कारणं सांगा.

आता पापणी आणि तळहात. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, तिच्याखाली चरबी जवळजवळ नाही, नुसतं अतिशय सैल एरिओलर ऊतक. द्रव आला की त्याला अडवणारं काहीच नसतं. तळहातावर उलट आहे. कातडीपासून खालच्या जाड तंतुपटलापर्यंत उभे, मजबूत तंतूंचे पडदे गेलेले असतात आणि चरबीचे छोटे कप्पे त्यांत बंदिस्त असतात. म्हणून तर हातात पकडलेली वस्तू कातडीसकट घसरत नाही. पाणी शिरायलाच तिथे जागा कमी. याचा एक फार उपयोगी परिणाम लक्षात ठेवा: तळहातात पू झाला तरी सूज हाताच्या पाठीवर दिसते, कारण तळव्याकडच्या लसिकावाहिन्या (ऊतकातला जादा द्रव रक्तात परत नेणाऱ्या नळ्या) तिकडे जातात आणि तिथलं ऊतक सैल आहे. फुगलेली पाठ बघून तिथेच चीर देणं ही चूक होऊ शकते. बोट लावून बघा, कमालीचं दुखतं ते तळव्यात. दुखण्याचं गणितही यातच आहे. नाकाच्या शेंड्यावरची किंवा कानाच्या नळीतली पुळी बारीक असून जीव नकोसा करते, कारण कातडी खाली घट्ट चिकटलेली आणि फुगायला वाव नाही. पापणी डोळा झाकण्याइतकी सुजते तरी तेवढी ठणकत नाही.

अंगावर सूज येते तेव्हा नेमकं काय होतं? त्वचेखालच्या सैल ऊतकातला दाब साधारणपणे हवेच्या दाबापेक्षा थोडा कमी, सुमारे उणे ३ मिलिमीटर पारा असतो. म्हणजे ऊतक आतून हलकं ओढून धरलेलं आहे. केशवाहिन्यांतून सतत थोडा द्रव बाहेर पडतो आणि लसिकावाहिन्या दिवसाला दोन-तीन लिटर परत नेतात. गळती वाढली तर लसिकावाहिन्याही वेग वाढवतात, म्हणून सुरुवातीला काहीच दिसत नाही. आवक त्यांच्या ताकदीबाहेर गेली की दाब शून्याच्या वर जातो, खळीतल्या बारीक फटी रुंदावतात आणि मोकळं पाणी साचू लागतं. पायावर खड्डा दिसेपर्यंत अंगात अडीच-तीन लिटर जादा पाणी जमलेलं असू शकतं. म्हणूनच हृदयविकाराच्या रुग्णाचं रोज सकाळी, लघवीनंतर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्यायचं असतं. खड्ड्याच्या आधी वजन बोलतं.

खड्डा तपासण्यातही चुका होतात. अंगठा नडगीच्या हाडावर किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे हाड असेल अशा जागी, किमान पाच सेकंद, खरं म्हणजे दहा सेकंद, एकसारखा दाबा. नुसतं टोचून काढलं तर मोकळं पाणी बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. सुमारे २ मिलिमीटर खड्डा म्हणजे एक अधिक (१+), ४ म्हणजे दोन, ६ म्हणजे तीन, ८ किंवा जास्त म्हणजे चार. खाटेला खिळलेल्या रुग्णाचे पाय बघून 'सूज नाही' लिहू नका. त्याचं पाणी कमरेखाली, माकडहाडाजवळ उतरतं, कूस वळवून तिथे दाबा. सकाळी उठल्यावर पापण्या जड आणि दिवस चढेल तशी सूज पायाकडे, असं असेल तर लघवीतलं प्रथिन तपासायला सांगतात. इंदूरच्या सराफा बाजारात रात्रभर गाडीवर उभं राहून भुट्ट्याचा कीस परतणाऱ्याच्या पायांची सूज वेगळी. निश्चल उभं राहिलं की पावलाच्या शिरेतला दाब सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो, चालताना पोटऱ्यांचा पंप तो २५ च्या खाली आणतो. त्याला अर्ध्या तासाने चार पावलं चालायला किंवा टाचा उचलायला सांगणं हे औषधाआधीचं औषध. पण सूज एकाच पायाला आणि नवी असेल, पोटरी दुखत असेल, तर चालण्याचा सल्ला देत बसू नका. शिरेत गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी पाहिलं पाहिजे.

दाबूनही खड्डा पडत नाही अशी सूज असते तिचीही कारणं याच ऊतकात आहेत. लसिकावाहिन्या बरीच वर्षं तुंबल्या, हत्तीपायात होतं तसं, की प्रथिनं साचून फायब्रोब्लास्ट जागे होतात आणि सैल ऊतकाचं घट्ट ऊतक बनतं. थायरॉइड खूप मंदावलं की हायलुरोननसारखे रेणूच साचतात, पाणी खळीत बांधलेलं असतं, म्हणून अंगठ्याने हलत नाही.

कातडीची चिमटी घेऊन निर्जलीकरण बघतो तेही याच ऊतकाचं परीक्षण आहे. बाळाच्या पोटावर, बेंबी आणि कुशीच्या मध्ये, अंगाच्या लांबीला समांतर घडी धरून सोडायची. परत जायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ती गंभीर निर्जलीकरणाची खूण. मात्र अगदी कुपोषित बाळात आणि म्हाताऱ्या माणसात ही खूण दगा देते. एकात चरबी नाही आणि दुसऱ्यात इलॅस्टिन झिजलेलं. आजोबांच्या हाताच्या पाठीची घडी तशीही उभीच राहते. त्यांच्यात छातीच्या हाडावर किंवा गळपट्टीच्या हाडाखाली बघा, आणि जीभ, लघवी, नाडी यांवर जास्त भिस्त ठेवा.

तुमच्या हाताचं रोजचं काम म्हणजे त्वचेखालची सुई. इन्सुलिन सोडायचं ते याच थरात. कातडीची जाडी सरासरी दोन-अडीच मिलिमीटर असते, त्यामुळे ४ मिलिमीटरची सुई काटकोनात टोचली तरी जवळजवळ सर्व प्रौढांत बरोबर जागी पोचते. लांब सुई असेल किंवा रुग्ण हडकुळा असेल तर अंगठा आणि एक-दोन बोटांनी घडी उचलून धरा. पूर्ण मूठ भरून धरली तर स्नायूही वर येतो. स्नायूत गेलेलं इन्सुलिन भराभर शोषलं जाऊन साखर अचानक उतरते. पेन असेल तर बटण दाबून दहापर्यंत मोजा आणि मगच काढा. रोज त्याच ठिपक्यावर टोचलं तर चरबीची रबरी गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून रुग्ण मुद्दाम तिथेच टोचून घेतात आणि मग साखर कधी चढलेली, कधी उतरलेली, मेळच बसत नाही. एका टोचणीपासून दुसरी किमान एक सेंटिमीटर दूर हवी आणि बाजू आळीपाळीने बदलायला हवी. डोस वाढवण्याआधी पोटावरून हात फिरवून गाठी चाचपणं हे तुम्ही शिकून घ्याच. एनॉक्सापारिन (रक्ताची गुठळी रोखणारं औषध) देताना बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब, घडी सुई निघेपर्यंत धरलेली, भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा न काढता, आणि नंतर चोळायचं नाही. सैल ऊतकात फुटलेलं रक्त चोळल्याने पसरतं आणि मोठा काळा-निळा डाग उठतो.

उलट बाजूने, तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलीन इथे का द्यायचं नाही तेही समजून घ्या. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे त्वचेखाली सोडलं की स्वतःच्याच शोषणाची वाट बंद करतं. म्हणून ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं: प्रौढाला एक हजारात एक या द्रावणाचं अर्धा मिली, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, आणि पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा.

वयस्कर रुग्णाला शीर सापडत नाही, तोंडाने पाणी पुरत नाही, पण शॉकही नाही, अशा वेळी सैल ऊतकाची पाणी सामावण्याची ताकद कामाला लावता येते. मांडी, पोट किंवा पाठीच्या फऱ्याखाली बारीक कॅन्युला बसवून सलाईन मिनिटाला सुमारे एक मिली वेगाने सोडतात; एका जागी दिवसाला दीड लिटरपर्यंत. शॉकमध्ये हा मार्ग निरुपयोगी आहे, कारण त्वचेखालचा रक्तपुरवठाच तेव्हा आटलेला असतो आणि पाणी तिथेच पडून राहतं.

तेच ऊतक शिरेतून निसटलेल्या औषधालाही जागा देतं. कॅन्युलाभोवती थंड, ताणलेला फुगवटा दिसला तर आधी थेंब बंद करा. साधं सलाईन असेल तर कॅन्युला काढा आणि हात उंच ठेवा. ऊतक जाळणारं औषध असेल, जसं कर्करोगाची काही औषधं, कॅल्शियम, नॉरॲड्रेनलीन, तर कॅन्युला लगेच उपसू नका. नळी सोडवून त्याच कॅन्युलातून जमेल तेवढं औषध परत खेचा, मग काढा आणि डॉक्टरांना बोलवा. शेकण्याचा नियम सगळ्यांना एकच नाही. विन्क्रिस्टीन निसटलं तर ते पांगवून पातळ करायचं असतं, म्हणून उबदार शेक आणि हायलुरोनिडेज. डॉक्सोरुबिसिन असेल तर पसरू द्यायचं नसतं, म्हणून गार पट्ट्या.

हायलुरोनिडेज म्हणजे ही खळच पातळ करणारं विकर (एन्झाइम). १९२८ च्या सुमारास दुरान-रेनाल्स यांनी 'पसरवणारा घटक' म्हणून त्याची करामत दाखवली. त्याची खरी भीती जिवाणूंच्या हातात आहे. स्ट्रेप्टोकॉकस ते सोडतो आणि खळ विरघळवत पुढे सरकतो, म्हणून त्याचा सेल्युलायटिस तासातासाला पसरतो. सापाच्या विषातही ते असतं. दंशानंतर सूज भराभर वर चढते त्यात त्याचा हात असतो. दोन्ही वेळी लालीच्या किंवा सुजेच्या कडेला पेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहा. रेघ नसेल तर दोन तासांनी लाली किंवा सूज पुढे सरकली का हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. मधुमेही रुग्णात कातडीवर फारसं दिसत नसताना वेदना मात्र असह्य असतील, किंवा दाबल्यावर कुरकुर लागत असेल, तर रेघेची वाट न पाहता त्याच क्षणी शल्यविशारदांना बोलवायचं. जंतू कातडीखालच्या थरातून धावत असतो आणि वरची कातडी उशिरा काळी पडते.

टाळूवरचा सैल थर नर्सिंगमध्ये वेगळा शिकवायला हवा. डोक्याच्या कातडीचे पाच थर. दुसरा घट्ट तंतूंचा आहे, त्यातल्या रक्तवाहिन्या कापल्या तरी आक्रसत नाहीत, म्हणून डोक्याची लहान जखमही भळाभळा वाहते. चौथा सैल एरिओलर. त्याची जागा भुवयांपासून डोक्यामागे मान सुरू होते तिथपर्यंत एकसलग आहे. डोक्याला मार लागून दुसऱ्या दिवशी डोळा काळा होतो तो याच वाटेने उतरलेल्या रक्ताने, आणि इथला पू कवटी भेदून जाणाऱ्या शिरांतून आत मेंदूच्या शिरांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्याला धोक्याचा थर म्हणतात. नवजात बाळात धोका आणखी मोठा. व्हॅक्यूम लावून झालेल्या प्रसूतीनंतर या थरात रक्तस्राव झाला तर त्याला अडवणारी कवटीच्या हाडांची शिवण नाही. तीन किलोच्या बाळाचं सगळं रक्त पाव लिटरच्या आसपास, आणि ते या जागेत मावू शकतं. डोकं मऊ, हेलकावणारं लागतं, सूज कानामागे किंवा मानेकडे सरकते, बाळ पांढरं पडतं, नाडी धावते. अशा प्रसूतीनंतर पहिले काही तास डोक्याचा घेर टेपने पुन्हा पुन्हा मोजून लिहा. 'प्रसूतीची सूज आहे, उतरेल' म्हणून सोडून देऊ नका. ती साधी सूज जन्मतःच असते आणि वाढत नाही. हाडावरच्या आवरणाखालची गाठ एकाच हाडापुरती थांबते.

ॲलर्जीत मास्ट पेशी हिस्टामिन ओततात, केशवाहिन्या गळू लागतात आणि जिथे ऊतक सर्वांत सैल तिथे सूज सर्वांत आधी: पापण्या, ओठ, जीभ, स्वरयंत्राच्या वरचा भाग. बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास ४ मिलिमीटर धरला आणि अस्तर चहूबाजूंनी एक मिलिमीटर सुजलं, तर वाट उरते २ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर. आवाज बसणं, लाळ गळणं, श्वास घेताना घरघर, यांपैकी एक दिसलं तरी ओठांच्या सुजेकडे बघत बसायचं नाही. ओठ-जीभ सुजलेल्या मोठ्या माणसाला रक्तदाबाची कुठली गोळी चालू आहे हेही विचारा. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटाने येणारी सूज हिस्टामिनची नसते, त्यामुळे ॲलर्जीच्या औषधांनी ती नीट उतरत नाही.

शस्त्रक्रियागृहात गेलात तर 'प्लेन मिळाला' हे शब्द ऐकाल. दोन अवयवांमधला सैल थर सापडला की तो बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने उलगडतो, रक्त फारसं येत नाही. गुदाशयाच्या कर्करोगात याच थरातून गाठ आवरणासकट काढण्याची रीत हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली आणि गाठ तिथेच परत उद्भवण्याचं प्रमाण त्याने बरंच घटलं. आधी जळजळ किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर हा थर चिकटतो, आणि तीच शस्त्रक्रिया दुप्पट वेळ घेते.

शेवटी इंदूरकरांनी ज्याकडे डोळेझाक करू नये ते. सैल ऊतक नाहीसं झालं तर काय होतं हे बघायला दूर जायला नको, सुपारी-गुटख्याचे पाऊच खाणाऱ्या मुलाला तोंड उघडायला सांगा. गालाच्या आतल्या अस्तराखाली असतं ते मऊ सैल ऊतक सुपारीमुळे हळूहळू घट्ट दोरांत बदलतं. श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत आणि जोशी यांनी १९५३ मध्ये भारतात या रोगाचं (ओरल सबम्युकस फायब्रोसिस) वर्णन केलं. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टना कोलॅजेन विणायला चिथावतं, तिच्यातलं तांबं ते कोलॅजेन एकमेकांत सांधणाऱ्या विकराला बळ देतं, आणि टॅनिनमुळे तयार झालेलं कोलॅजेन मोडत नाही. तंबाखू नसली तरी हे होतं. 'मी नुसती सुपारी खातो' याला काही अर्थ नाही. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतातच.

पहिली तक्रार असते, 'तिखट लागलं की तोंड जळतं'. मग गाल पांढुरका, संगमरवरी दिसू लागतो, बोटाला उभे पट्टे लागतात, शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही. मोजायचं असं: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर, तोंड पूर्ण उघडून, पट्टीने. प्रौढात ते ३५ मिलिमीटरपेक्षा जास्त हवं. पट्टी नसेल तर रुग्णाचीच तीन बोटं उभी आत जायला हवीत, तुमची नव्हेत. २० च्या खाली गेलं तर जेवणं आणि दात घासणं दोन्ही मुश्कील. शिवाय ही कर्करोगाआधीची अवस्था आहे, म्हणून तोंडात न भरणारा व्रण किंवा लाल-पांढरा चट्टा दिसला तर तुकडा तपासायला पाठवावाच लागतो.

सुपारी सोडली तर वाढ थांबू शकते. झालेला घट्टपणा आपोआप जात नाही. उपचारात गालाच्या पट्ट्यांमध्ये आठवड्याला एकदा-दोनदा हायलुरोनिडेज १५०० युनिट आणि डेक्सामेथासोन टोचतात, बरोबर जबड्याचा व्यायाम. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, काही मिनिटं ठेवायच्या, दिवसातून अनेकदा, आणि दर आठवड्याला एखादी काडी वाढवायची. जोर करून एकदम तीन काड्या कोंबल्या की अस्तर फाटतं आणि भरताना आणखी आवळतं. फार बंद झालेल्या तोंडात पट्टे कापून मोकळे करतात. त्या उघड्या जागेवर नुसते टाके घातले तर ती पुन्हा आकसते, म्हणून बऱ्याच वेळा गालातल्याच चरबीचा गोळा ओढून तिथे पसरतात. तोही सैल ऊतकाच्याच कुळातला. त्यानंतर किमान सहा महिने काड्यांचा व्यायाम चालू ठेवावा लागतो आणि दर भेटीला दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहायचं असतं. ते मोजून लिहिण्याचं काम बहुधा तुमच्याच हाती येईल.